कोल्हापूरहून चांदोलीला एस.टी.नं जायचंय, आई बरोबर आहे

बावडेकर_७

नमस्कार मंडळी. आईला घेऊन चांदोली राष्ट्रीय उद्यानात जायचंय. आईचं माहेर झोळंबी. ती लग्न होऊन कोल्हापुरात आली तेव्हा गाव नांदतं होतं. पुढं 1985 ला अभयारण्य झालं आणि नंतर मामांचं घरदार उठून पुनर्वसनाच्या वसाहतीत गेलं. तेव्हापासून ती तिकडं गेलेली नाही. आता वय एकाहत्तर, गुडघे दुखतात, पण या दिवाळीत स्वतःहून म्हणाली, "एकदा सडा बघून येऊ." सडा म्हणजे गावाजवळचं डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार. तिनं असं काही मागितलेलं मला आठवत नाही, म्हणून हे व्हायलाच पाहिजे.

आमच्याकडं चारचाकी नाही. भाड्याच्या गाडीची चौकशी केली. एकानं दिवसाचा आकडा सांगितला तो झेपणारा नाही, आणि वर म्हणाला की माझी गाडी फाटकाच्या आत जाणार नाही, तिथनं पुढं तुमचं तुम्ही बघा. म्हणजे एवढे पैसे भरून आई फाटकावरच उभी राहणार.

एस.टी.नं जमेल का? कुठं उतरायचं? शेवटचा टप्पा कसा करायचा? सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल का? पुण्याहून बहीण आणि तिचा आठ वर्षांचा मुलगाही येणार आहे. फेब्रुवारीत जायचा विचार आहे.

सह्याद्री_भटक्या

उद्यानाच्या अलीकडं वारणावती लागते, कोल्हापूर ते वारणावती ऐंशीच्या आत-बाहेर किलोमीटर आहे. पहाटे पाचला निघालात तर आठला पोचता. चार-सहा जण जमवून गाडी करा आणि भाडं वाटून घ्या. एस.टी.च्या भानगडीत पडलात तर दिवस प्रवासातच जाईल.

निवृत्त_वाहक

बावडेकर, मी एस.टी.त वाहक होतो. वारणा खोऱ्यातल्या गाड्यांवर बरीच ड्युटी केली, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो. भटक्याभाऊंचं अंतर बरोबर आहे. पण एस.टी.नं जाणाऱ्यानं किलोमीटर मोजून चालत नाही, गाडी कुणासाठी सोडलीय ते बघावं लागतं.

कोकरूड, चरण, आरळा, मणदूर, वारणावती या पट्ट्यातली गाडी पर्यटकासाठी नसते. ती कॉलेजच्या पोरांसाठी, दवाखान्याला निघालेल्या म्हातारीसाठी, तहसीलला दाखला काढायला जाणाऱ्यासाठी असते. ही सगळी माणसं सकाळी खोऱ्यातनं शिराळ्याकडं येतात आणि दुपारनंतर घरी परततात. म्हणून सकाळच्या गाड्या तुमच्याकडं तोंड करून येणाऱ्या, आणि दुपारी-संध्याकाळी वर जाणाऱ्या. तुम्ही सकाळी कोल्हापुरातनं निघून वर जायला बघणार म्हणजे सगळ्या वाहतुकीच्या उलट. तिथंच लोकांचा दिवस मोडतो, आणि मग म्हणतात एस.टी. नाही. एस.टी. आहे, तिच्या वेळेनं जायला पाहिजे.

म्हणून सकाळी जाऊन संध्याकाळी परत हे डोक्यातनं काढून टाका. दुपारी जावा, वर मुक्काम करा, पहाटे जंगल बघा, दुसऱ्या दिवशी खाली या. आईंच्या गुडघ्यालाही हेच बरं.

आता मार्ग. कोल्हापूरहून दोन. एक रत्नागिरी रोडनं वाघबीळ, बांबवडे, मलकापूर, आणि तिथनं तुरुकवाडीवरून वारणा ओलांडून कोकरूड. दुसरा शिराळ्यावरून. स्वतःची गाडी असती तर मलकापूरचा सांगितला असता. एस.टी.ला मात्र शिराळा धरा. मलकापूरला आगार आहे, पण ते शाहूवाडीचं. वारणेच्या पलीकडच्या काठाला त्याची ओढ कमी. शिराळा हा त्या काठाचा तालुका, आगार तिथंच, आणि वर जाणारी बहुतेक गाडी तिथनंच सुटते. सकाळी जेवून मध्यवर्ती स्टँडवरनं शिराळ्याची गाडी धरा. शिराळ्यात उतरल्या उतरल्या चौकशीच्या खिडकीवर जाऊन एकच विचारा, "वारणावतीकडची मुक्कामी गाडी कितीला लागते?"

मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी वर जाऊन रात्री गावातच थांबणारी आणि पहाटे पहिली फेरी म्हणून खाली येणारी. खोऱ्यातल्या माणसाचं सगळं वेळापत्रक तिच्यावर चालतं. चालक-वाहक गावातच झोपतात, पहाटे अंधारात इंजिन तापवायला सुरू केलं की त्या आवाजावर घराघरात दिवे लागतात. बाकीच्या फेऱ्या एखाद्या दिवशी रद्द होतील, पण मुक्कामी सहसा चुकत नाही, कारण ती गेली नाही तर दुसऱ्या दिवशी पोरांचं कॉलेज बुडतं. बाहेरच्या माणसानं विश्वास टाकावा तो हिच्यावर. तरी तिच्याच भरवशावर अंधारात पोचू नका. तिच्या आधीची एखादी दुपारची फेरी मिळाली तर तिनं जावा. मुक्कामी हाताशी राहू दे.

वेळा इथं लिहीत नाही. शाळा-कॉलेजला सुट्टी लागली की त्या बदलतात आणि कुणीतरी जुनी वेळ वाचून स्टँडवर बसून राहील. आदल्या दिवशी विचारून घ्या.

तिकिटाचं: आईंना आणि बहिणीला अर्धं तिकीट, महिलांना सगळ्या गाड्यांत पन्नास टक्के सवलत आहे. पोरगं आठ वर्षांचं, त्यालाही अर्धं. आईंचं आधार कार्ड जवळ ठेवा. आणि त्यांना मागच्या चाकावरच्या सीटवर बसवू नका. आरळ्याच्या पुढं वळणं आहेत, तिथं धक्के कंबरेला लागतात. वाहकाला सांगा, पुढची सीट मिळवून देईल. आम्ही देत होतो.

बावडेकर_७

काका, मनापासून आभार. मुक्कामाचा विचारच केला नव्हता. पण वारणावतीत उतरल्यावर पुढं? फाटक किती लांब? आई फार तर शंभर-दोनशे पावलं चालते.

आरळा_शिक्षिका

दादा, मी आरळ्यात नोकरीला आहे, त्यामुळे पुढचं मी सांगते. वारणावती ही धरणाची वसाहत. पुराच्या बातम्यांत वारणा धरण 34.40 टीएमसी म्हणून वाचता ना, तेच हे. उद्यानात जायचं फाटक जाधववाडीला. एस.टी. तिथपर्यंत नेऊन सोडत नाही, आणि आईंना घेऊन ते अंतर चालायचं नाहीच.

इथं वडाप चालतं, जीप असते किंवा मॅक्स. पण वडापवाला माणसं भरल्याशिवाय हलत नाही, आणि फाटकाच्या दिशेनं पहाटे कोण भरणार? त्यामुळे आयत्या वेळी वडाप मिळेल यावर राहू नका. आदल्या संध्याकाळी पोचलात की लगेच, हातपाय धुवायच्या आधी, गावातली एखादी जीप ठरवा: "उद्या पहाटे फाटक, आत झोळंबीपर्यंत, परत वारणावती." तिन्ही गोष्टी एकदमच बोला. नाहीतर फाटकापर्यंतचं भाडं ठरतं आणि आतलं वेगळं मागतात, मग वाद होतो. आतला रस्ता दगडमातीचा आहे, उंच गाडीच पाहिजे. स्थानिक चालकाला तो पाठ असतो. कोल्हापूरची छोटी कार आणली असती तर खालून घासली असती, तुमच्या त्या गाडीवाल्यानं तेवढं खरं सांगितलं.

वनखात्याचं प्रवेश शुल्क भरायचं आणि वाटाड्या बरोबर घ्यायचा, तो सक्तीचा आहे. दुचाकी आत सोडत नाहीत. आमच्याकडे बरेच कॉलेजचे मुलगे कोल्हापूरहून बुलेटवर येतात आणि फाटकावरून परत जातात, वाईट वाटतं. पावसाळ्यात उद्यान बंद असतं, फेब्रुवारी चांगला. तरी निघायच्या आधी वनखात्याच्या कार्यालयात फोन करून त्या दिवशी प्रवेश चालू आहे ना, एवढं विचाराच.

रोख पैसे आणा. आत रेंज नसते आणि बाहेरही तिचा भरवसा नाही. राहायची सोय वारणावतीत आणि रस्त्यालगतच्या गावांत होते, पण आधी सांगून ठेवा. जेवणसुद्धा आधी सांगितलं तरच गरम मिळतं.

इचलकरंजीचा_राहुल्या

मध्येच विचारतो. संगमेश्वरकडून शृंगारपूरला जाऊन प्राचितगड चढून वरनं चांदोलीत उतरता येईल का? नकाशावर तर अंतर थोडंच दिसतं.

आरळा_शिक्षिका

राहुल, नको. ते व्याघ्र प्रकल्पाचं गाभा क्षेत्र आहे. चांदोली आणि कोयना मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. परवानगीशिवाय आरपार जाता येत नाही. आणि आता ताडोबातून वाघीण आणून इथं सोडली आहे. तिला शांतता मिळायला पाहिजे. गड बघायचा असेल तर परवानगी काढून शृंगारपुरातून चढा आणि तिकडेच उतरा.

पुणे_कराड_अपडाउन

बावडेकर, बहिणीला कोल्हापूरपर्यंत आणू नका, उगाच खाली येऊन परत वर जायचं. पुण्याहून येणाऱ्यानं कराडला उतरावं. कराडहून उंडाळे, येळापूर करत रस्ता थेट शेडगेवाडीला येतो आणि तिथून तुमचाच वारणावतीचा रस्ता. तिनं रेल्वेनं यायचं ठरवलं तर कराडचं स्टेशन गावापासून जरा लांब आहे, मूल आणि सामान घेऊन स्टँडवर यायला रिक्षा धरावी लागेल. बसनं आली तर थेट स्टँडच. शेडगेवाडी फाट्यावर भेटायचं ठरवा.

निवृत्त_वाहक

कराडचं बरोबर सांगितलंत. पण फाट्यावर भेटायचं नको. एक गाडी उशिरा आली की दुसरा माणूस लेकराला घेऊन रस्त्यावर उभा, आणि फोन लागेल न लागेल. कोकरूडला भेटा. तिथं बसायला जागा आहे, चहा आहे, शिराळ्यातनं वर जाणारी गाडी तिथनं जाते.

दाजीपूरकर

एवढी यातायात करण्यापेक्षा दाजीपूर करा की. राधानगरीला दिवसभर गाड्या, फोंड्याकडं जाणारी गाडी दाजीपुरावरनंच जाते. गवे तर तिथं हमखास. अभयारण्य 1958 पासूनचं आहे, सगळी सोय बसलेली आहे. एका दिवसात जाऊन याल.

निवृत्त_वाहक

दाजीपूरकर, नुसतं जंगल बघायचं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. एस.टी.नं जाणाऱ्या कोल्हापूरकराला दाजीपूरच सोपं. पण या माउलीला माहेर बघायचंय. ते दाजीपुरात कुठनं आणायचं?

बावडेकर, यावरनं आठवलं. आमच्या गाडीत वसाहतीतली माणसं असायची. हातकणंगले, शिरोळकडनं येऊन वर नातेवाइकांकडं जाणारी. धरणाची भिंत दिसली की बोलायची थांबायची. आपल्या जिल्ह्यात पाणी आलं, ऊस आला, त्याच्यामागं या खोऱ्यातली गावं उठलेली आहेत. म्हणून आईंना तिथं पोचवायचं काम मला साधं वाटत नाही. वनखात्याच्या कार्यालयात जाल तेव्हा सरळ सांगा, आईचं गाव झोळंबी, लहानपण तिथं गेलंय. वाटाड्यालाही सांगा. बऱ्याचदा तो आसपासच्या गावातलाच असतो. पर्यटकाला दाखवतो ते मनोरे आणि पाणवठे. तुम्ही सांगितलंत तर जोती कुठं दिसतात, विहीर कुठली, तेही दाखवेल, आणि गाडी तिथं दोन मिनिटं जास्त थांबवेल.

आरळा_शिक्षिका

काकांनी लिहिलं ते वाचून एक सुचवते. झोळंबीच्या सड्यावर सावली कमी आहे आणि गाडीतून सारखं उतरायला देत नाहीत. आईंना पहाटेच्या फेरीत न्या, दुपारच्या नको. थंडी असते, कानाला बांधायला काहीतरी द्या. जीपमध्ये त्यांना पुढं चालकाशेजारी बसवा, मागच्या बाकावर धक्के बसतात. आत स्वच्छतागृह धरून चालू नका, निघायच्या आधी सगळं उरकून घ्या. प्लास्टिकची पिशवी नेऊ नका.

बावडेकर_७

सगळ्यांचे आभार. आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, जोत्यांजवळ आंब्याचं झाड असेल, ते विचार. असं ठरवलंय: शुक्रवारी दुपारी शिराळा, तिथून वर. बहीण कराडवरून कोकरूडला भेटणार. रात्री वारणावतीत मुक्काम, शनिवारी पहाटे जीप, दुपारी खाली. परतीला शिराळ्यापर्यंत कोणतीही गाडी चालेल ना?

निवृत्त_वाहक

बेत चांगला आहे, वार तेवढा बदला. शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी असते आणि जीपवाले मोठ्या गटाला पहिलं धरतात. शिवाय शनिवारी शाळा अर्धा दिवस, दुपारच्या फेऱ्या पुढंमागं होतात. बहिणीच्या पोराची एक दिवस शाळा बुडाली तरी चालेल. मंगळवारी जावा, बुधवारी जंगल बघा.

परतीला दुपारी वारणावतीतनं खाली येणारी जी पहिली गाडी असेल ती धरा, शिराळ्याची असो नाहीतर नुसती कोकरूडपर्यंतची. कोकरूडला आलात की पुढचं मिळतं. वडापसुद्धा त्या वेळेला खालच्या दिशेनं भरतं. शिराळ्यातनं कोल्हापूरची शेवटची गाडी कितीची आहे ते जातानाच विचारून कागदावर लिहून ठेवा.

जायच्या आदल्या दिवशी इथं लिहा. शिराळा आगारात ओळखीचे आहेत, त्या दिवशीची मुक्कामी कुणाकडं आहे ते विचारून सांगतो, म्हणजे आईंना पुढची सीट धरून ठेवता येईल.