अनुभव धागा : त्या उन्हाळ्यात तुमच्या घरातले पाणी कसे वाटले गेले?

पाहुणा दारात आला की आधी त्याच्या पायांवर पाणी घालायचे आणि मग भरलेला तांब्या त्याच्या हाती द्यायचा, ही बीड जिल्ह्यातल्या आष्टीकडच्या आमच्या घराची रीत. 2013 च्या उन्हाळ्यात ती मोडली. एप्रिलमध्ये मामा आले, तेव्हा आईने त्यांच्यापुढे अर्धा पेला पाणी ठेवले आणि ती आत जाऊन बराच वेळ चुलीपाशी बसून राहिली. मामांनी ते ओळखले असावे, कारण पुढच्या खेपेला त्यांनी मोटारसायकलला पाण्याचा कॅन बांधून आणला आणि एक शब्दही न बोलता तो ओट्यावर ठेवला.

किती टँकर लागले, आणेवारी म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज किती निघाला, किती जनावरे चारा छावणीत होती, हे सरकारी कागदांत सापडते. एका घरात दिवसाचे पाणी कोण मोजत होते, ते आधी कोणाला मिळत होते आणि कोणाच्या वाट्याचे कापले जात होते, हे मात्र सहसा कोणी लिहून ठेवत नाही. 1972 चा असो, 2013 चा, 2016 चा किंवा 2019 चा, आपण स्वतः काढलेल्या उन्हाळ्याविषयी येथे लिहावे, ही विनंती. गाव किंवा तालुका आणि साल अवश्य सांगावे. माणसांची नावे टाळावीत.

करमाळा, 1972-73

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. त्याआधीचे वर्षही आमच्याकडे कोरडेच गेले होते, त्यामुळे 1972 चा पाऊस फिरला तेव्हा अंगणातले पेव रिकामे होते आणि पेरणीसाठी राखलेली ज्वारीसुद्धा जात्यात गेली होती. आई आणि वडील दोघेही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. दगड पायांच्या बेचक्यात धरून हातोडीने फोडायचा, डाव्या हाताच्या बोटांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळायचे आणि संध्याकाळी ढीग मापून द्यायचा, असे ते काम होते. हाताखालचा दगड तापलेला असे आणि सावली म्हणून चार काठ्यांवर पोत्याचे फाटके कापड टाकलेले असे, ज्याच्याखाली आम्हा भावंडांना बसवून आई कामाला लागे. पगार मस्टरवर अंगठा उमटवून आठवड्याने मिळे.

रेशनवर मिलो येई, म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिच्या पिठाला चिकटपणा नसल्यामुळे भाकरी थापता थापता चिरत जाई. आई मग पिठाची उकड काढून मळत असे, तरीही पोटात ती जड पडे. कामावर सुकडी, म्हणजे मजुरांसाठीचा कोरडा पौष्टिक खाऊ, वाटली जात असे. आई स्वतःच्या वाट्याची सुकडी पदराच्या टोकाला बांधून आणी आणि आम्हा तिघांच्या तळहातांवर सारखी वाटे. तिने ती कधी चाखली होती का, हे विचारण्याचे भान मला तेव्हा नव्हते आणि पुढे विचारायचे राहूनच गेले.

धागाकर्तींनी पाण्याविषयी विचारले आहे, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. आमच्या घरात त्या वर्षी भाकरी अर्धी झाली, पण तांब्या अर्धा झाला नाही. सीना नदी आटली होती, तरी तिच्या पात्रातली वाळू दोन हात उकरली की झिरा लागे. वाटीने पाणी काढून घागर भरायला तासभर लागत असे, शेजारणी एकमेकींची वाट पाहत गप्पा मारत बसत, पण घागर भरल्याशिवाय कोणी परत येत नसे. आजी तर दारावरून जाणाऱ्या मजुरालाही हाक मारून पाणी देई. 2013 मध्ये त्याच पात्रात मी नातवाला घेऊन गेलो, तेव्हा उकरायला वाळूच उरलेली नव्हती. वर्षानुवर्षे उपसून नेल्यामुळे खाली खडक उघडा पडला होता.

मे 1973 मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसे होती, असे मी पुढे शिक्षक झाल्यावर वाचले. माझे आईवडील त्या 50 लाखांतले दोन. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना त्याच काळात उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. वर्गात हा धडा शिकवताना मी दरवर्षी ट्यूबचे तुकडे गुंडाळलेल्या बोटांविषयी सांगत असे, कारण मागेल त्याला काम मिळण्याचा हक्क अशा बोटांनी मिळवलेला आहे, असे मी मनापासून मानतो.

लातूर, 2016

मांजरा धरण कोरडे पडले, तेव्हा मी बारावीला होते. नळ फेब्रुवारीतच बंद झाले होते आणि आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी टँकर येई, ज्यातून एका घराला 200 लिटर म्हणजे एक पिंप पाणी मिळे. घरात आम्ही सहा माणसे. आजोबांनी पहिल्याच आठवड्यात वहीत हिशेब मांडला : पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेले बाकी सगळ्याला पुरवायचे. आंघोळ परातीत उभे राहून करायची, तेच पाणी कपड्यांना वापरायचे आणि कपड्यांचे पाणी संडासासाठी साठवायचे. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला जाई. भांडी राखेने घासून फडक्याने पुसून घेत असू. पिंपाच्या झाकणाला कडी लावून कुलूप घातलेले होते आणि किल्ली आजोबांच्या जानव्याला असे, हे लिहिताना आजही मला संकोच वाटतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. वहीतल्या हिशेबात सहा माणसांचे सहा समान वाटे होते, पण मासिक पाळीच्या दिवसांत मला आणि आईला जास्त पाणी लागे, ते त्या हिशेबात कुठेच नव्हते. आई आपल्या आंघोळीचा वाटा मला देई आणि स्वतः ओल्या फडक्याने अंग पुसून घेई. ही अदलाबदल आम्हा दोघींखेरीज घरात कोणाला कळली नाही. बाहेरगावच्या ज्या मुली शिकवणीसाठी खोल्या करून राहत होत्या, त्यांच्यापैकी कित्येकजणी परीक्षा संपायच्या आधीच गावी निघून गेल्या होत्या.

मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचे 144 कलम लागू झाले. पाच माणसांहून अधिक जण टाकीपाशी जमू नयेत, असा तो आदेश होता. पाण्यासाठी भांडणे होत होती, हे खरे आहे; पण आमच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या एका वृद्ध बाईंचे पिंप सगळ्यांत आधी भरायचे, हा नियमही तेव्हाच ठरला आणि तो शेवटपर्यंत कोणी मोडला नाही.

12 एप्रिलच्या पहाटे पाण्याची रेल्वे आली. मिरजेहून निघालेल्या त्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. आजोबा मला घेऊन स्थानकावर गेले होते. मिरज ते लातूर ही वाट त्यांनी तरुणपणी बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या मार्गावरच्या छोट्या गाडीने केलेली होती, त्यामुळे कुर्डुवाडी, बार्शी, येडशी अशी सगळी स्थानके ते बोटांवर मोजत उभे होते. लोकांनी इंजिनाला हार घातले. मग नळ्या जोडल्या गेल्या, पाणी स्थानकाजवळच्या विहिरीकडे वाहू लागले, आणि एका जोडावरून थेंब गळताना दिसताच तीन-चार माणसे एकदम बाटल्या घेऊन धावली. त्या पाण्याकडे पाहत आजोबा म्हणाले, ‘‘कृष्णामाई आली गं आपल्याकडे.’’ नंतर 50 वाघिणींची गाडी येऊ लागली आणि पाऊस होईपर्यंत ती येत राहिली. त्या दिवशी घरी आल्यावर आजोबांनी पिंपाचे कुलूप काढून ठेवले. हिशेबाची वही मात्र त्यांनी ऑगस्टपर्यंत चालू ठेवली.

करमाळ्याच्या सरांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. 1972 मध्ये झिरे वाहत होते, तर आमच्या शेजारी 800 फूट खोल गेलेल्या विंधन विहिरीतून केवळ धूळ का आली असावी?

करमाळ्याहून उत्तर

बाळ, मी भूगोलाचा शिक्षक होतो, म्हणून जेवढे जाणतो तेवढे सांगतो. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्याच्या वरच्या झिजलेल्या, मुरमाड थरात आणि भेगांमध्ये पाणी साठते. जसजसे खोल जावे तसतसा दगड घट्ट होत जातो आणि भेगा विरळ होतात. 1972 पर्यंत आमच्याकडे मोटेची विहीर होती, जी त्या वरच्या थरातलेच पाणी घेई आणि पावसाने पुन्हा भरे. त्या दुष्काळानंतर यंत्राने छिद्रे घेणे सुरू झाले, हापसे आले आणि बायकांची पायपीट कमी झाली, याबद्दल कृतज्ञता आहेच. पुढे मात्र त्याच छिद्रांत विजेचे पंप उतरले, उसाला पाणी जाऊ लागले आणि वरचा थर भरण्याआधीच रिकामा होऊ लागला. तुमच्या शेजारच्या छिद्राला खाली बहुधा भेगच लागली नसावी.

माण तालुका, 2012-13

हे आईचे सांगणे आहे. मी ते लिहून घेतले आहे. आमच्या दोन गाई आणि एक खोंड घेऊन आई म्हसवडजवळच्या चारा छावणीत राहायला गेली आणि पाऊस पडेपर्यंत तेथेच राहिली. बाबा आणि शेरडे घरी, आम्ही मुले आत्याकडे, अशी त्या वर्षी आमच्या घराची तीन ठिकाणे झाली होती. छावणीत मोठ्या जनावराला दिवसाला 15 किलो चारा मिळे, तो बहुतेक उसाचा किंवा वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा असे. नुसते वाढे खाऊन जनावरांना हगवण लागते आणि अंगातला चुना कमी होतो, म्हणून आई चुन्याची निवळी करून ती वाढ्यांवर शिंपडायची.

‘‘माणसाला तहान लागली तर माणूस सांगतं, मुकं जनावर नुसतं बघत राहतं,’’ असे आई म्हणते. छावणीतल्या टँकरचे पाणी आधी दावणीला जाई आणि उरलेल्यावर तिचा स्वयंपाक होई. शेजारच्या पालातल्या बायकांची तिची मैत्री अजून टिकून आहे. त्यांच्यातल्या एकीची गाय छावणीतच व्याली, तेव्हा साऱ्या जणींनी आपल्या पाण्यातून एकेक तांब्या काढून गाईपुढे ठेवला होता. खरवस सगळ्यांत वाटला गेला. त्या उन्हाळ्यातली एवढी एकच गोष्ट आई हसून सांगते.

अंबड, जालना जिल्हा, 2013

आमची 300 मोसंबीची झाडे होती, नुकतीच फळाला आलेली. नाथसागराची, म्हणजे जायकवाडी धरणाची पातळी मृतसाठ्याखाली (एरवी वापरता न येणाऱ्या तळाच्या साठ्यात) गेली, विहिरीचा तळ दिसू लागला आणि वडिलांनी बैलजोडी विकून टँकरचे पाणी विकत घेतले. प्रत्येक बुंध्याला एक घागर, तीही आठवड्यातून एकदा. पाला झडू लागला तेव्हा फांद्या निम्म्यावर छाटल्या आणि आळ्यांत उसाचे पाचट अंथरले. मे महिन्यात वडिलांनी रांगा मोजून झाडे निवडली : ही जगवायची, त्या सोडायच्या. सोडलेल्या रांगांकडे ते पुढे फिरकले नाहीत. जूनमध्ये पाऊस चांगला झाला, पण त्याआधीच दोनशेच्या वर झाडे वाळून गेली होती आणि ती सरपण म्हणून विकताना वजनकाट्यापाशी वडिलांऐवजी मी उभा राहिलो.

शहापूर, ठाणे जिल्हा, दरवर्षी

आमच्याकडे पाऊस भरपूर पडतो आणि तानसा, वैतरणा, भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे आमच्याच परिसरात आहेत. तरीही मे महिन्यात आमच्या पाड्यावरच्या बायका ओढ्यात खणलेल्या डवऱ्यापाशी पहाटे तीनपासून बसतात. दुष्काळ जाहीर न झालेल्या गावचा उन्हाळाही या धाग्यात नोंदला जावा, एवढ्याचसाठी हे लिहिले.

इंदापूर, 2016

आमचे जुने गाव उजनीच्या जलाशयात गेले, तेव्हा वडील विशीत होते. 2016 च्या उन्हाळ्यात धरणातला साठा उणे पातळीत, म्हणजे मृतसाठ्यात गेला आणि पळसदेवचे बुडालेले मंदिर पूर्ण उघडे पडले. लोक ते पाहायला येत होते, तसेच आम्हीही गेलो. तेथून वडील पुढे भेगाळलेल्या गाळातून चालत राहिले आणि आपल्या गावाच्या जागी पोहोचले. घराचे जोते त्यांनी उंबऱ्याच्या दगडावरून ओळखले. शेजारच्या तालुक्यांत टँकर फिरत होते, आमच्या उसाची पाने करपली होती, आणि त्या दिवशी वडिलांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो पाहून मला काय वाटावे हेच कळेना.

जोत्यापासून वीस-पंचवीस पावलांवर गावचा आड होता. दगडी कठडा शाबूत होता आणि त्यावर दोरांनी पाडलेल्या खाचा दिसत होत्या. माझ्या आजीने याच आडाचे पाणी आयुष्यभर शेंदले होते. वडील कठड्याला टेकून आत वाकले. आड काठापर्यंत गाळाने भरलेला होता. त्यांनी एका खाचेवरून बोट फिरवले, पिशवीतली पाण्याची बाटली काढली, त्यातले थोडे पाणी कठड्यावर घातले आणि उरलेले मला प्यायला दिले.