पावसाळ्यात वाडीवर येणाऱ्या पाहुण्यांना आधी काय सांगावं? (मदत हवी आहे)

गुहागर तालुक्यात आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. दोन खोल्या पाहुण्यांना देतो, जेवण आई करते. मे महिन्यात अडचण नसते, आंबे असतात, सगळे खूश. घोळ होतो तो जुलैत.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तरी ताजी सुरमई हवीच असते. (सुकटीला नाक मुरडतात, मग आईच्या हातची चटणी चाखून दुसऱ्यांदा मागतात, ते वेगळं.) वीज गेली की कधी रात्रभर येत नाही. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, एसी नाहीच. मागच्या आठवड्यात बादलीच्या काठावर बेडूक बसला होता, तर एक ताई रात्री साडेअकराला भिजत आमच्या पडवीत आल्या.

खरी काळजी फुरशाची (छोटा विषारी साप). गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) चिऱ्यांत, पाचोळ्यात असतं, त्यामुळे अंधारात बॅटरी आणि बूट हवेतच. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर मोठी यादी पाठवायचो, कोणी वाचत नाही. मग ‘इथे साप असतात’ एवढंच लिहिलं, तर दोन बुकिंग रद्द. खोलीत पाटी लावली आहे, पण ती दिसेपर्यंत माणूस स्लिपर घालून वाडी फिरून आलेला असतो.

जनरेटर परवडत नाही, पावसाळ्यात बंद ठेवणंही नाही. जे असा मुक्काम चालवतात किंवा राहून आलेत त्यांनी सांगा: फुरशाचं आगाऊ पैसे घेण्याआधी सांगावं की आल्या आल्या, आणि नेमक्या कोणत्या शब्दांत?