मदत हवी आहे: स्प्लिट रिंगचा रेझोनन्स अपेक्षेपेक्षा 700 मेगाहर्ट्झने खाली का?

मंडळी, 0.25 मिमी एफआर-4 (काचतंतू-इपॉक्सीचा सर्किट बोर्ड) पट्टीवर 2.6 मिमीच्या दुहेरी तांब्याच्या स्प्लिट रिंग (फट ठेवलेली, ठरावीक फ्रीक्वेन्सीला अनुनाद देणारी कडी) आहेत, फट 0.3 मिमी. सिम्युलेशनमध्ये दरी (रेझोनन्समुळे पार जाणाऱ्या सिग्नलमध्ये पडणारा खड्डा) 10 गिगाहर्ट्झला, डब्ल्यूआर-90 वेव्हगाइडमध्ये (मायक्रोवेव्ह वाहून नेणारी आयताकृती धातूची नळी) मोजल्यावर मात्र 9.3 ला. पट्टी मधोमध, अरुंद भिंतींना समांतर उभी आहे, म्हणजे चुंबकीय क्षेत्र रिंगला लंबच.

एचिंग (रसायनाने तांबं कोरणं) जास्त झालं असतं तर फट रुंदावून, कपॅसिटन्स घटून फ्रीक्वेन्सी वर गेली असती. इथं उलटं झालंय. एफआर-4 चा परावैद्युतांकही (विद्युतऊर्जा साठवण्याची क्षमता) फ्रीक्वेन्सी वाढली की सहसा घटतो, आणि तो घटला की रेझोनन्स वरच जातो, त्यामुळे त्याच्यावर खापर फोडता येत नाही. संशय फटीत भरलेल्या हिरव्या सोल्डर मास्कवर (बोर्डावरचा संरक्षक लेप) आहे. तांब्याला चरा न पडता तो कसा उतरवावा?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मास्कशिवाय पातळ बोर्डाचे पाच-सहाच नग करून देणारं कुणी आहे का? बेळगाव-निपाणी-कोल्हापूर पट्ट्यात 12 गिगाहर्ट्झपर्यंतचा व्हीएनए (व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर, म्हणजे असं मोजमाप करणारं उपकरण) कुठे असेल तर जरूर कळवा.