ला स्कालाचा जुना एए क्रॉसओव्हर: फक्त कपॅसिटर बदलू की सगळंच?

सप्तकी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे क्लिप्श कंपनीच्या ला स्काला स्पीकरची जोडी आहे, सत्तरच्या दशकातली, आत टाइप एए क्रॉसओव्हर (खालचे, मधले आणि वरचे स्वर वेगळे करून आपापल्या ड्रायव्हरकडे पाठवणारं सर्किट) अजून मूळचाच आहे म्हणजे कुणी हात लावलेला नाहीये, सोल्डर सगळं कंपनीचंच दिसतंय. आवाज अजूनही जबरदस्त आहे, गायकाचा आवाज जसा समोर येऊन उभा राहतो तसा दुसऱ्या कुठल्या स्पीकरवर मी ऐकलेला नाही, म्हणूनच घाबरत घाबरत विचारतेय.

प्रॉब्लेम असा की उजव्या बाजूचा ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचा ड्रायव्हर, दबलेला वाटतो. झांजा, तंबोऱ्याची वरची झार, हे सगळं डावीकडे सरकतं. मोनोमध्ये लावलं तरी तेच. एकाने सांगितलं सगळे कपॅसिटर महागातले घाल, दुसऱ्याने सांगितलं एए काढून टाक आणि नव्या डिझाइनचा क्रॉसओव्हर बसव, तिसरा म्हणतो कॉइल पण हवेचे म्हणजे एअर कोर घाल. मला सोल्डरिंग येतं, मल्टीमीटर आहे, कॉइल-कपॅसिटर मोजणारा एलसीआर मीटर एका मैत्रिणीकडून मिळेल.

तर विचारायचं एवढंच, सुरुवात कुठून करू? आणि मिड हॉर्न, म्हणजे मधल्या स्वरांचा भाग, मला थोडा पुढे वाटतो, तो कमी करायला क्रॉसओव्हरमधल्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप (त्याची पातळी ठरवणारी जोडणी) बदलला तर चालेल का?

हॉर्नप्रेमी

सप्तकीताई, काहीही विकत घेण्याआधी दोष कुठे आहे ते पकडा. दोन्ही क्रॉसओव्हर बोर्ड आपापसात बदला, डावीचा उजवीत आणि उजवीचा डावीत. वायरींचे आधी फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला कागदी टेप लावून नाव लिहा, कारण ट्वीटरचं प्लस मायनस उलटं झालं तर सहा हजार हर्ट्झच्या आसपास आवाजात खड्डा पडू शकतो आणि मग तुम्ही कपॅसिटरला दोष देत बसाल. बोर्ड बदलल्यावर दबलेपणा डावीकडे गेला तर दोष क्रॉसओव्हरमध्ये, जागेवरच राहिला तर ट्वीटरमध्ये किंवा खोलीत.

आणि त्याहीआधी एक बिनखर्चाचं काम. या बोर्डांवर स्क्रूवाल्या टर्मिनल पट्ट्या असतात, त्याखाली वायरींची टोकं दाबलेली असतात. इतक्या वर्षांत तिथे ऑक्साइड धरतो. प्रत्येक स्क्रू सैल करून टोक साफ करा, कॉन्टॅक्ट क्लीनर लावा, परत घट्ट करा. ट्वीटरच्या मागच्या टर्मिनललाही तेच. हे करूनच आवाज परत आल्याच्या केसेस मी बऱ्याच पाहिल्यात, आणि लोक हे सोडून थेट कपॅसिटरच्या कॅटलॉगकडे पळतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक सूचना फार महत्त्वाची, ट्वीटर कधीही कपॅसिटरशिवाय थेट अॅम्पला जोडून बघू नका, एक क्षणभरसुद्धा नाही. तो के-७७ नाजूक आहे. बंद आहे का ते बघायचं असेल तर मल्टीमीटरने डीसी रेझिस्टन्स बघा, तोही वायर काढून. दोन्ही बाजूंचा आकडा जवळपास सारखा यायला हवा.

तारा_आणि_कथील

वर सांगितलंय ते बरोबर, मी कपॅसिटरचं बोलतो.

एएमध्ये ट्वीटरकडे जाणाऱ्या वाटेत २ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर एकामागोमाग आणि त्यांच्या मधून जमिनीकडे जाणारी २४५ मायक्रोहेन्रीची कॉइल असते, मिडच्या वाटेत एक १३ मायक्रोफॅरड आणि वूफरला म्हणजे खालच्या स्वरांच्या ड्रायव्हरला २.५ मिलिहेन्रीची कॉइल. एवढाच सगळा संसार आहे, बाकी मिडची पातळी ठरवणारा ऑटोट्रान्सफॉर्मर आणि ट्वीटर वाचवायला झेनर डायोड.

आता गंमत अशी की जुना कपॅसिटर मीटरवर २.१ किंवा २.२ मायक्रोफॅरड दाखवतो आणि माणूस म्हणतो अरे हा तर ठणठणीत आहे. पण वयाने बिघडतो तो त्याचा ईएसआर, म्हणजे आतला रेझिस्टन्स. चांगल्या फिल्म कपॅसिटरचा ईएसआर ओहमच्या अगदी छोट्या अंशात असतो. जुन्याचा दोन-तीन ओहमपर्यंत चढलेला असू शकतो. ट्वीटर ८ ओहमचा धरला आणि वाटेत दोन कपॅसिटर प्रत्येकी २ ओहमचे झाले तर ४ ओहम फुकट मध्ये बसले, ढोबळ हिशोबाने साडेतीन डीबी (डेसिबल) गेले. झांजा दबणारच. म्हणून एलसीआर मीटरवर कपॅसिटीसोबत ईएसआर बघा, १ किलोहर्ट्झला आणि जमलं तर १० किलोहर्ट्झलाही. मोजताना कपॅसिटरचा निदान एक पाय बोर्डापासून सोडवा, नाहीतर शेजारची कॉइल आणि ट्रान्सफॉर्मर मिळून भलताच आकडा दाखवतील.

बदलायचेच झाले तर पॉलीप्रॉपिलीन घ्या, आणि मूल्य तेच ठेवा. १३ मिळाला नाही तर १२ आणि १ समांतर जोडा, समांतर जोडले की बेरीज होते. माझं मत विचाराल तर मोटर-रन कपॅसिटर, ३७० किंवा ४४० व्होल्ट एसीवाले, या कामाला उत्तम आहेत. ते चोवीस तास करंट झेलायला बनवलेले असतात, डब्यात असल्यामुळे जुन्या क्लिपमध्ये बसतातही. ला स्काला १ वॉटला एक मीटरवर १०४ डीबी देतो असं कंपनी सांगते, म्हणजे घरात ऐकताना कपॅसिटरवर पडतात ते व्होल्ट अगदी किरकोळ. व्होल्टेज रेटिंगची चिंता नकोच. त्यापेक्षा वेळ घालवायचा असेल तर चार-सहा कपॅसिटर मोजून डाव्या-उजव्याची जोडी १-२ टक्क्यांत जुळवा, स्टिरिओचं चित्र त्याने नीट बसतं.

अजून एक. जुने धातूचे डबे तेल भरलेले असू शकतात आणि त्या काळच्या तेलात पीसीबी (सर्किट बोर्ड नव्हे, त्याच नावाचं विषारी रसायन) असण्याची शक्यता असते, अमेरिकेत त्याच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली. डबा कापू नका, तापवू नका, चिकट ओलावा दिसला तर हातमोजे घाला आणि नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका, घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

मंद्र

तारा_आणि_कथील यांच्याशी एका गोष्टीत माझं थोडं वेगळं आहे. कपॅसिटर कपॅसिटरमध्ये फरक ऐकू येतो असं मला वाटतं, मी फिल्म-फॉइलवाले वापरतो आणि तारसप्तकातली चमक मला त्यात जास्त मोकळी वाटते. पण हे मान्य की तो फरक जुना खराब कपॅसिटर आणि नवा साधा कपॅसिटर यांच्यातल्या फरकापुढे फार लहान आहे. म्हणून आधी साधे घालून बघा, महिनाभर ऐका, मग वाटलं तर पुढे जा.

आता टॅपचं. ताई, इथे मात्र थांबा. एएमधला ऑटोट्रान्सफॉर्मर म्हणजे टी२ए, त्याचा एक टॅप खाली म्हणजे ३ डीबी कमी. पण नुसता आवाज कमी होत नाही. मिडचा ड्रायव्हर १६ ओहमचा, तो ४ नंबरच्या टॅपवर म्हणजे उणे ३ डीबीवर असला की कपॅसिटरला तो ३२ ओहमचा दिसतो. १३ मायक्रोफॅरड आणि ३२ ओहम, हिशोब करा, ३८० हर्ट्झच्या आसपास येतं, म्हणजे ठरवलेले ४०० जवळपास जमले. तुम्ही ३ नंबरवर गेलात की तोच ड्रायव्हर ६४ ओहमचा दिसायला लागतो आणि तोच १३ मायक्रोफॅरड आता १९० हर्ट्झला कापतो. तो हॉर्न इतकं खालचं घ्यायला बनवलेलाच नाही, ड्रायव्हरचा डायाफ्राम उगाच हलत राहील आणि वूफरशी दोनशे ते चारशेमध्ये गोंधळ होईल. म्हणून टॅप एक खाली नेला तर कपॅसिटर अर्धा, साडेसहाच्या आसपास करायला लागतो. टॅप आणि कपॅसिटर हे नवरा-बायकोसारखे आहेत, एकाला हलवलं की दुसऱ्याला विचारायलाच हवं.

काही नव्या डिझाइनमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या इनपुटवर १० ओहमचा रेझिस्टर आडवा घालतात, मग कपॅसिटरला दिसणारा भार टॅप बदलला तरी फारसा हलत नाही. पण मग कपॅसिटर पन्नास मायक्रोफॅरडच्या घरात जातो आणि अॅम्पला दिसणारा इंपीडन्सही खाली येतो, ट्यूब अॅम्प असेल तर हे लक्षात घ्या. तो वेगळा क्रॉसओव्हर झाला, दुरुस्ती नव्हे.

आणि मिड पुढे वाटतोय तो कदाचित ट्वीटर दबल्यामुळेच वाटत असेल. आधी वरचं नीट करा, कान आपोआप परत तोलून बघतील.

सप्तकी

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कुणी समजावून सांगत नाही. केलं सांगितल्याप्रमाणे. टर्मिनल साफ केल्यावर दोन्ही बाजू थोड्या उजळल्या पण फरक राहिलाच. मग बोर्ड अदलाबदल केले आणि दबलेपणा बोर्डासोबत डावीकडे गेला! म्हणजे ट्वीटर ठीक आहेत, केवढा जीव भांड्यात पडला.

मोजमाप केलं. दोषी बोर्डावरचे ट्वीटरचे दोन्ही कपॅसिटर २.२ च्या आसपास आणि ईएसआर दोन ओहमच्या वर, अगदी वर सांगितलं तसंच. दुसऱ्या बोर्डावरचे ओहमच्या खाली पण नव्याइतके चांगले नाहीतच. १३ वाले दोन्ही बऱ्यापैकी.

आता प्रश्न, एकाच बाजूचे बदलू की दोन्हीकडचे? आणि कॉइलचं काय ते कुणी सांगितलं नाही, एअर कोर घालू का?

तारा_आणि_कथील

दोन्ही बाजूंचे, सगळे सहाच्या सहा. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट थकलेले ठेवलेत तर झुकाव उलट्या दिशेला जाईल. फक्त एक करा, आधी एकच बोर्ड पूर्ण करा आणि मोनो सिग्नल देऊन जुना आणि नवा असे आळीपाळीने ऐका. दोन्ही एकदम केले तर नक्की काय बदललं ते कळायला काही उरत नाही. फोनवरचं स्पेक्ट्रमचं अॅप आणि पिंक नॉइज (चाचणीसाठीची सलग खरखर) वापरा, फोन दोन्ही वेळा त्याच जागी त्याच उंचीवर ठेवा, खरा आकडा मिळणार नाही पण डावं-उजवं यातला फरक चांगला दिसतो.

नवे घातल्यावर पहिले काही दिवस वरचा आवाज जरा जास्तच तीक्ष्ण वाटेल. इतकी वर्षं दबलेलं ऐकायची सवय झालेली असते. लगेच रेझिस्टर घालून कमी करायला जाऊ नका.

हॉर्नप्रेमी

कॉइलला हात लावू नका. तांब्याची तार म्हातारी होत नाही, मूल्य बरोबर असेल आणि सैल होऊन गुणगुणत नसेल तर तिला तशीच राहू द्या. वूफरच्या वाटेतली २.५ मिलिहेन्री लोखंडी गाभ्याची असते त्यामुळे कमी तारेत काम होतं आणि डीसी रेझिस्टन्स अगदी कमी राहतो. त्याजागी बारीक तारेची एअर कोर घातलीत आणि तिचा रेझिस्टन्स समजा ०.८ ओहम निघाला तर ४ ओहमच्या वूफरपुढे दीड डीबीच्या वर बेस गेला, शिवाय अॅम्पची वूफरवरची पकडही ढिली पडली. ला स्कालाला मुळात खालचा बेस कमी, त्यात हे कशाला? एअर कोर घालायचीच असेल तर जाड तारेची घ्यावी लागते आणि ती इतकी मोठी होते की बोर्डावर मावत नाही. आणि दोन कॉइल शेजारी ठेवल्या तर एकमेकींशी काटकोनात ठेवा, नाहीतर एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरतं.

सप्तकी

समजलं, कॉइल तशाच. एक बोर्ड झाला आज. मोनोमध्ये ऐकलं, झांजा परत मध्यभागी आल्या, आणि मंद्र म्हणाले तसंच झालं, मिड आता पुढे वाटत नाहीये, टॅपला हात लावायची गरज वाटत नाही. उरलेला बोर्ड उद्या.

शेवटचं एक, झेनर काढायचे का? काही जण म्हणतात त्याने आवाज मोकळा होतो.

मंद्र

छान! झेनर एका ठरावीक व्होल्टेजच्या वर गेल्यावरच चालू होतात, घरातल्या ऐकण्यात ते झोपलेलेच असतात. जोरात गेल्यावर मात्र सिग्नलचं टोक कापतात आणि ते ऐकायला खराब लागतं, म्हणून लोक काढतात. तुमचा अॅम्प लहान असेल, आठ-दहा वॉटचा, आणि तो तुमच्याशिवाय कुणी चालवत नसेल तर काढून बघायला हरकत नाही, एक पाय सोडवला की झालं, परत लावता येतो. अॅम्प मोठा असेल किंवा घरात कुणी आवाज वाढवणारं असेल तर राहू द्या, के-७७ चा डायाफ्राम बदलणं झेनरच्या आवाजापेक्षा फार जास्त त्रासाचं आहे.

आणि उद्या बोर्ड बाहेर असतानाच मिडच्या ड्रायव्हरचं आणि हॉर्नचं जोडणीचं गॅस्केटही बघून घ्या. फोमचं असेल तर त्याचा भुगा झालेला असेल. हवा गळली की मिडचा खालचा भाग पातळ होतो आणि ते क्रॉसओव्हर बदलून सुधारत नाही.