मदत हवी आहे: चान्स घ्यायचाय, पण नुस्त्यावरून (माशांवरून) घरात वाद

नमस्कार. मी फोंड्याची, वय 31, नोकरी पणजीत, रोज बसने ये-जा. दिवाळीनंतर चान्स घ्यायचं ठरलंय. डॉक्टरांकडे जाऊन आले. थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन 10.2. लोहाची गोळी दिलीय आणि फॉलिक ॲसिड 400 मायक्रोग्रॅम, तेही आतापासूनच. बाळाचा मेंदू नि मणका ज्या नळीतून होतो, ती पहिल्या चार आठवड्यांतच मिटते म्हणे. पाळी चुकल्यावर गोळी सुरू करेपर्यंत उशीर झालेला असतो. विसरू नये म्हणून दोन्ही पट्ट्या चहाच्या डब्याला रबरबँडने बांधून ठेवल्यात.

आता खरी अडचण. सासूबाई म्हणतात, नुस्तें उष्ण, आतापासूनच बंद. रविवारी माझ्या ताटातला तळलेला बांगडा उचलून त्यांनी नवऱ्याला वाढला! त्याच्या रोजच्या पाच-सहा सिगरेटी आणि शनिवारची फेणी मात्र कुणाला दिसत नाही. "मूल तुझ्या पोटात वाढणार, माझ्या नाही," हे वर त्याचंच.

नुस्तें खाऊ की नको? आणि बदलायचं फक्त मीच का?

दोघांची आई: आधी त्या पट्ट्या चहाच्या डब्यावरून काढ गं! चहाने लोह अंगी लागत नाही. गोळी आणि चहा यांत तास-दोन तास जाऊ देत, गोळीसोबत लिंबूपाणी घे. चहा-कॉफी मिळून कॅफीन दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत ठेव.

नुस्तें खुशाल खा, आठवड्यातून दोन-तीनदा. तारले, बांगडे, वेर्ल्या उत्तम. मोरी (शार्क) मात्र नको, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. तिसऱ्या-शिनाण्या (शिंपल्या) पूर्ण शिजलेल्या हव्यात. मी दोन्ही वेळा बांगड्याचं हुमण खाल्लं, सासू रुसली, मग नातू बघून हसली.

औषधवाला: तुमच्या मिस्टरांना सांगा, शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. म्हणजे दिवाळीनंतरचा हिशेब आत्ताच सुरू झालाय. सिगरेटने त्यांची संख्या घटते, आतला डीएनएही बिघडतो. शिवाय घरातला धूर तुमच्या छातीत जातोच. दारू तुम्हाला तर थेंबभरही नको. आणि रूबेलाची लस झालीय का ते पाहा; घेतलीत तर पुढे महिनाभर थांबावं लागतं.

धागाकर्ती: पट्ट्या आता पाण्याच्या कळशीजवळ. संध्याकाळी दोन थांबे आधी उतरून अर्धा तास चालतेय. नवऱ्याला धागा वाचायला दिला, काही न बोलता फोन परत केला. पण जेवणानंतर गॅलरीत गेला नाही.

एक राहिलंच. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा आमच्याकडे खारो बांगडो (मीठ लावून सुकवलेला) असतो. सगळं जमलं तर तेव्हा सातवा-आठवा असेल. एवढं मीठ चालतं?

दोघांची आई: चवीपुरता, तोही बीपी ठीक असेल तर. त्या दोन महिन्यांत अंडी आणि अळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोणाक, म्हणजे रस्सा, कर.