बंद हायब्रिड म्हणजे भंगार? आधी मीटर लावा, मग बोला

मीटरवाला

"स्वस्तात बंद हायब्रिड घेताय? सावधान!" या कालच्या पोस्टला उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं वाढलं की वेगळा धागाच काढतोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: बंद पडलेली जुनी हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि मोठी बॅटरी दोन्हींवर चालणारी गाडी) म्हणजे मोठी बॅटरी गेली, मोठी बॅटरी गेली म्हणजे गाडीपेक्षा खर्च जास्त, आणि घरी उघडलीत तर शॉक लागून मराल, सबब भंगारात घाला. आणि खाली सगळे "अगदी बरोबर", "डोळे उघडलेत साहेब".

अहो पण बॅटरी गेली हे ठरवलं कोणी? विकणाऱ्याने. त्याला कोणी सांगितलं? डॅशबोर्डवर सगळे दिवे पेटले म्हणून शेजाऱ्याने. संपलं निदान.

टोयोटाची दुसऱ्या पिढीतली प्रियस घ्या (२००३ ते २००९), कारण बंद अवस्थेत स्वस्तात मिळते ती हीच. हिला वेगळा सेल्फ नाही. इंजिन फिरवते ती आतली एमजी१ मोटर, मोठ्या बॅटरीच्या २०१.६ व्होल्टवर. पण मोठी बॅटरी गाडीला जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) ओढायला आणि सगळे कॉम्प्युटर जागे करायला लागते ती डिकीतली छोटी १२ व्होल्टची. ती बसली की ख्रिसमसच्या झाडासारखे सगळे दिवे पेटतात, रिले खटखट करतात आणि डॅशबोर्डवर रेडी (गाडी निघायला तयार असल्याची खूण) काही येत नाही. वरून डिकी विजेवर उघडणारी, म्हणजे मागच्या सीटवरून आत सरपटत जाऊन झाकणाच्या आतली खिट्टी शोधा. ज्याला हे माहीत नाही तो म्हणणारच गाडी मेली. बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समध्ये जंपसाठी लाल टोपीखाली टर्मिनल दिलंय, तिथून १२ व्होल्ट द्या (उलटं लावाल तर कन्व्हर्टरपर्यंत, म्हणजे मोठ्या बॅटरीतून छोटीला चार्ज देणाऱ्या डब्यापर्यंत, नुकसान पोचू शकतं, रंग दोनदा बघा) आणि मग बोला.

रेडी आलं की छोट्या बॅटरीवर मीटर धरा. १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसलं तर मोठ्या बॅटरीतून छोटीला चार्ज मिळतोय. १२ च्या घरात आणि खाली खाली जातंय तर घोळ कन्व्हर्टरच्या बाजूला. रेडी येत नसेल तर कोड (कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक) वाचा, पण हायब्रिडच्या कॉम्प्युटरशी बोलणारा स्कॅनर घेऊन, नुसतं इंजिन वाचणारं खेळणं नको. आणि पुन्हा पुन्हा बटण दाबत बसू नका!! पेट्रोल शिळं असेल, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) काजळीने भरलेलं असेल तर इंजिन पेटत नाही, पी३१९१ कोड येतो, आणि प्रत्येक प्रयत्नाला मोठी बॅटरी खाली होते. शेवटी धडधाकट बॅटरी रिकामी करून लोक म्हणतात बघा, बॅटरीच गेली होती.

साप साप म्हणून भुई धोपटणं बंद करा एवढंच.

निवृत्त_वायरमन

लेख चांगला पण नेमकं जे पहिल्या ओळीत यायला हवं ते कुठेच नाही. २०० व्होल्ट डीसी. एसीत दर आवर्तनाला करंट शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझायला वाव असतो, डीसीत ती लांबत जाते, विझत नाही. उभं आयुष्य वीजवाहिन्यांवर काढलंय म्हणून सांगतो, हातमोजे न घालता एक पाना निसटला की विषय संपला. तुमच्या पोस्टच्या भरवशावर उद्या एखादं पोरगं मोठ्या बॅटरीची नारिंगी केबल नुसत्या हाताने उपटायचं. जबाबदारी कोणाची?

मीटरवाला

काका, वर मी जे जे लिहिलंय त्यात नारिंगी केबलला हात लावायची एक तरी पायरी दाखवा. १२ व्होल्टची बॅटरी, स्कॅनर, पेट्रोल, थ्रॉटल. याला हातमोजे कशाला? नेमकं हेच म्हणतोय मी, निम्मं निदान नारिंगीपासून चार हात लांब राहून होतं. भीती घालताना हा फरक कोणी सांगत नाही.

निवृत्त_वायरमन

आणि उरलेलं निम्मं? तुम्ही तिथेच थांबणार, वाचणारा थांबणार नाही, त्याने गाडी घेतलेली असते.

म्हणून मीच लिहितो. किल्ली लांब ठेवा, १२ व्होल्टची निगेटिव्ह काढा, मग मागचा नारिंगी सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीची जोडणी मधोमध तोडणारा) काढून स्वतःच्या खिशात घाला (खिशात म्हणजे खिशातच, सीटवर नाही, कोणीतरी मदत म्हणून परत लावतो). दहा मिनिटं थांबा, इन्व्हर्टरमधले (मोटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातले) वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे होऊ द्यात, आणि तरी मीटरने खात्री करा. हातमोजे क्लास शून्यचे, १००० व्होल्टवाले, मनगटाकडून गुंडाळून हवा कोंडायची आणि बोटं फुगून राहतात का ते बघायचं, सुईएवढं भोक असलं तरी कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्लग काढल्याने बॅटरी मरत नाही. तिचे दोन तुकडे होतात, दोन्ही जिवंत असतात. झाकण उघडलं की ते तुमच्या समोर असतात.

मीटरवाला

हे मात्र धाग्यात वर चिकटवायला हवं. मान्य. टोन सोडून सगळं मान्य.

तिरसट_गिऱ्हाईक

तुमचं निदान वगैरे ठीक आहे हो, पण विकणारे कोड पुसून देतात त्याचं काय? यावर कोणी बोलत नाही. मी बघायला गेलो त्या गाडीत एकही कोड नाही, एकही दिवा नाही, मालक म्हणतो फक्त बॅटरी उतरलीय, जंप दिला की पळेल. दिला जंप, पळाली पण, गल्लीच्या टोकापर्यंत. मग लाल त्रिकोण, बिघाडाचा दिवा. वर आम्हालाच म्हणे तुम्ही नीट चालवली नाही!! असल्या लोकांवर गुन्हे दाखल व्हायला पाहिजेत.

मीटरवाला

याला साधा उतारा आहे. स्कॅनरमध्ये रेडीनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते) बघा. सगळे अपूर्ण दिसले तर एक तर १२ व्होल्टची बॅटरी काढली होती नाहीतर कोड नुकतेच पुसलेत. मालकाला विचारायचं दोन्हीतलं कुठलं आणि चेहरा बघायचा.

परसातली_गाडी

मध्येच घुसतो, माफ करा. माझ्या परसात हीच प्रियस उभी आहे, मोठी बॅटरी २८ मॉड्यूलची (मॉड्यूल म्हणजे आतले सुटे डबे), आधीच्या मालकाने नुसती उभी करून ठेवली होती. छोटी बॅटरी ९.८ होती, नवी टाकली, रेडी आलं पण थोड्या वेळाने लाल त्रिकोण. कोड पी०ए८० आणि पी३०१९. स्कॅनरवर १४ ब्लॉक दिसतात, बाकीचे सगळे १५.३ च्या आसपास, नववा १४.१. ॲक्सिलरेटर दाबला की बाकीचे १४.८, नववा १२.१. बॅटरी गेली का?

मीटरवाला

शाब्बास, आकडे घेऊन आलेला पहिला माणूस. एका ब्लॉकमध्ये दोन मॉड्यूल, एका मॉड्यूलमध्ये १.२ व्होल्टचे सहा सेल. उभ्या गाडीत फरक बरोबर १.२. म्हणजे एक सेल मेलाय. पी३०११ म्हणजे पहिला ब्लॉक, तिथून मोजत या, पी३०१९ म्हणजे नववा. कोड आणि मीटर दोघंही एकच बोट दाखवतायत. २८ पैकी २७ मॉड्यूल जिवंत. आधी नवव्या ब्लॉकच्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवं-पांढरं धरलंय का बघा, खोटं रीडिंग त्यानेही येतं. पट्ट्या स्वच्छ असतील तर एक मॉड्यूल बदला.

पॅक_बदला_मोकळे_व्हा

एक मॉड्यूल बदला!! आलं. याचीच वाट बघत होतो.

अहो २७ जिवंत म्हणजे काय, २७ म्हातारे. सगळ्यांनी तेवढाच उन्हाळा आणि तेवढेच किलोमीटर खाल्लेत. त्यात एक वेगळ्या क्षमतेचं घुसवलं की ते आधी भरतं किंवा आधी रिकामं होतं, आणि उन्हाळ्यात मधलं दुसरं कोणतरी मान टाकतं, कारण पॅकच्या (अख्ख्या मोठ्या बॅटरीच्या) मध्यभागी हवा सगळ्यात कमी आणि उष्णता सगळ्यात जास्त. मग पुन्हा डिकी उघडा, पुन्हा हातमोजे. आमच्या थोरल्या भावाने हाच उद्योग केला, शेवटी मागची सीट परत बसवायचीच सोडून दिली होती, वहिनी अजून त्या गाडीत बसत नाही.

मीटरवाला

भावाने मॉड्यूल कसं निवडलं होतं? नुसतं व्होल्टेज बघून ना? नुसतं व्होल्टेज काहीच सांगत नाही, कमजोर मॉड्यूलपण लोड नसताना ७.८ दाखवतं. हेडलाइटचा बल्ब लावून ठरावीक वेळ प्रत्येकाला लोड द्यायचा, कोण किती घसरतं ते लिहायचं, त्यातलं जुळणारं घ्यायचं. नंतर सगळी समांतर जोडून एकसारखी करायची. आणि चार्ज करताना शिकंज्यात दाबून धरायची, मोकळी ठेवलीत तर फुगतात.

पॅक_बदला_मोकळे_व्हा

म्हणजे एक मॉड्यूल बदलायला २८ काढा, २८ तपासा, २८ चार्ज करा. याला तुम्ही "एक बदला" म्हणता. मी याला नोकरी म्हणतो.

मीटरवाला

फुकटच्या शिकवणीची फी समजा.

तिरसट_गिऱ्हाईक

आणि ते "रिफर्बिश्ड" पॅक विकणारे? तेही हेच करतात, खराब दोन बदलून स्टिकर लावतात. वॉरंटी मागायला गेलं की फोन बंद. पॅक बदला म्हणणं सोपं आहे, कुठला पॅक ते सांगा.

पॅक_बदला_मोकळे_व्हा

नवीन सेलचा. जुन्याला रंग लावलेला नाही. हा मुद्दा तुमचा बरोबर आहे, दुर्दैवाने.

गॅस्केटग्रस्त

सगळे बॅटरी बॅटरी करताय, इंजिनाकडे कोण बघणार? मेव्हण्याने बंद हायब्रिड घेतली, कुठली ते सांगत नाही, बॅटरीचं सगळं वर लिहिलंय तसं पद्धतशीर केलं, गाडी रेडी आली, घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी. सकाळी थंड असताना इंजिन सुरू झालं की खडखड करून गाडी हादरायची, अर्ध्या मिनिटात शांत. तो म्हणायचा उभी होती म्हणून. कूलंट हळूहळू कमी, बाहेर थेंब नाही. शेवटी स्पार्कप्लगच्या भोकातून कॅमेरा घातला तर एक पिस्टन वाफेने धुतल्यासारखा चकचकीत. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं सील, गेलेलं. बॅटरीवर घातलेली सगळी मेहनत पाण्यात, म्हणजे कूलंटमध्ये.

त्या २००९ नंतरच्या १.८ वाल्या मॉडेलात तर ईजीआर (धूर परत इंजिनात फिरवणारी नळी) चोंदणं आणि मग गॅस्केट हे ज्यांनी त्या उघडल्यात त्या सगळ्यांना माहितीये. कॅमेरा आधी, बॅटरी नंतर.

मीटरवाला

१.५ वाल्या जुन्यांना ते दुखणं एवढं नाही, म्हणून लिहिलं नाही. पण ठीक आहे, कॅमेरा यादीत घालतो, तुमच्या मेव्हण्याच्या स्मरणार्थ.

गॅस्केटग्रस्त

मेव्हणा जिवंत आहे. गाडी गेली.

सेल्फप्रेमी

म्हणून मी म्हणतो होंडाची पहिली इनसाइट घ्या. १४४ व्होल्टची बॅटरी गेली तरी १२ व्होल्टचा साधा सेल्फ आहे, गाडी नुसत्या पेट्रोलवर चालते. तुमच्या प्रियसमध्ये मोठी बॅटरी रिकामी झाली की धक्कास्टार्टपण नाही. एवढं डोकं लावून सेल्फ काढून टाकला!

मीटरवाला

दोन सीटची गाडी आहे ती. बायको, मुलं टपावर?

निवृत्त_वायरमन

विषय भरकटतोय. मीटरवाले, तुमच्या बाजूचीच एक सांगतो. आमच्या चाळीतल्या पोराने अशीच बंद गाडी आणली, मालकाने लिहून दिलेलं, बॅटरी निकामी. कोड पी०ए०डी, म्हणजे इंटरलॉक (प्लग-झाकण नीट बसलंय का ते तपासणारी तार) तुटलेला. मी हातमोजे घालून मागचा प्लग बघितला. त्याची मूठ आत सारायची, वर फिरवायची आणि मग खाली सरकवून अडकवायची असते. ती शेवटची सरकवणीच कोणी केली नव्हती. प्लग बसल्यासारखा दिसतो पण छोटा संपर्क जुळत नाही. टक् असा आवाज आला, आणि गाडी रेडी. आधीच्या मेकॅनिकने "बॅटरी तपासून" दिलेली गाडी होती ती.

तरी हातमोजे घातले होते, हे लक्षात घ्या.

मीटरवाला

काका!! हे पहिल्या प्रतिसादात लिहायचं सोडून मला जबाबदारी कोणाची विचारत होतात?

निवृत्त_वायरमन

तेही खरंच होतं.

परसातली_गाडी

अपडेट. काकांच्या क्रमाने उघडली, प्लग खिशात, हातमोजे फुगवून बघितले. पट्ट्या स्वच्छ आहेत. नवव्या ब्लॉकमधलं एक मॉड्यूल ७.७, दुसरं ६.४. बल्ब लावला की दुसरं सरळ ५ च्या खाली. आणि मागच्या सीटशेजारच्या जाळीतून पंख्यापर्यंत धूळ आणि कुत्र्याचे केस यांचा नमदा, हवा जाणार कुठून. एक मॉड्यूल मागवतोय.

पॅक_बदला_मोकळे_व्हा

पंखा साफ न करता नवं मॉड्यूल टाकलं असतं तर तेही गेलं असतं, म्हणून अभिनंदन. नट घट्ट करताना टॉर्क पाना वापरा, साधारण ५.४ न्यूटन-मीटर, त्यापुढे मॉड्यूलमधला आटेवाला दांडा मोडतो. आणि मॉड्यूल उलटसुलट बसवतात, प्लस-मायनस आलटून पालटून, काढण्याआधी फोटो काढा. पुढचं मॉड्यूल जाईल तेव्हा मी इथेच आहे.

परसातली_गाडी

फोटो काढलेत. उरलेली २७ बल्बवर लावून बघतोय, आकडे रात्री टाकतो.

पॅक_बदला_मोकळे_व्हा

टाका. सातव्या आणि आठव्या ब्लॉकचे आधी टाका.