दुसरी-तिसरीत बीजगणित : हवं की नको?

अव्यक्त (धागाकर्ता)
८ + ४ = □ + ५. चौकटीत काय येईल?
अमेरिकेत सहावीच्या १४५ मुलांना हे विचारलं होतं, अभ्यास १९९९ सालचा. एकानेही ७ लिहिलं नाही. सगळ्यांचं १२ नाहीतर १७. आपल्याकडच्या चौथीतल्या पोराला विचारून बघा, १२ ऐकायची तयारी ठेवा. पहिलीपासून 'बरोबर'चं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिही' एवढंच त्याच्या डोक्यात बसलेलं असतं. दोन्ही बाजू सारख्या, हे सांगतं कोण? बालभारतीच्या २०१५च्या पाचवीच्या पुस्तकात 'बीजगणिताची पूर्वतयारी' हा धडा आहे, पण अगदी शेवटचा. तोवर परीक्षा आलेली असते. माझं म्हणणं, हे दुसरीपासून हवं.

खडूफळा
सर, जमिनीवर या. 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीच्या जेमतेम ३०.७ टक्के मुलांना भागाकार येतो. माझ्याकडे दुसरी-तिसरी एकाच खोलीत बसते. हातच्याची बेरीज डिसेंबरपर्यंत गळी उतरली तरी खूप. भाकरीचे वांधे आणि तुमचं लोणच्यावर चाललंय.

अव्यक्त
नवा धडा मागतोय कोण? १२ = ८ + ४ असं उलटं लिहा. ७ + ५ = ६ + ६ हे खरं की खोटं, विचारा. मग २७ + ३५ = २६ + □. इथे बेरीज करायचीच नाही. २७ चे २६ झाले, म्हणजे ३५ चे ३६. हे ज्याला दिसलं तो पोरगा ९८ + ४७ चं आपसूक १०० + ४५ करतो. तुमची हातच्याचीच कटकट कमी होते.

पुणेरी_पालक
उद्या क्लासवाल्यांचे फलक लागतील, 'सहाव्या वर्षी बीजगणित'! अबॅकस झालं, वैदिक गणित झालं, आता हे. सात वर्षांच्या मुलापुढे 'क्ष' कशाला?

नीलक
सोव्हिएत रशियात मानसशास्त्रज्ञ दाविदोव्ह यांच्या अभ्यासक्रमात पहिलीची मुलं आकड्यांच्या आधी लांबी, वजन, पाणी यांची तुलना करून अक्षरांत मांडायची. जमत होतं त्यांना. आणि 'क्ष' नको असेल तर रंग घ्या. भास्कराचार्यांच्या ११५०च्या ग्रंथात अव्यक्तांना, म्हणजे अज्ञात संख्यांना, कालक, नीलक, पीतक अशीच नावं आहेत. (माझं टोपणनाव तिथलंच.)

खडूफळा
त्या प्रायोगिक शाळा होत्या. शिक्षक निवडून, तयार करून घेतलेले. आमच्याकडे प्रशिक्षण म्हणजे दोन दिवस चहा-बिस्किटं आणि हजेरीचा फोटो. अक्षरांचं नाव काढू नका.
चिन्हाचं मात्र पटतंय. शाब्दिक उदाहरणात माझी मुलं ५ + ३ = ८ + २ = १० असं सलग लिहितात, मीही उत्तर बघून टिक करतो. शिवाय उभ्या मांडणीत ते चिन्ह येतच नाही, खाली नुसती रेघ.

अव्यक्त
हेच! मग आठवड्यातून एकदा दहा मिनिटं आडवी मांडणी घ्या. एवढंच.

खडूफळा
दहा मिनिटं देईन. पण तपासणीला आलेले साहेब वहीत पानभर उभ्या बेरजा शोधतात. ७ + ५ = ६ + ६ बघून 'उत्तर कुठंय?' म्हणाले, तर त्यांना आधी तुम्ही समजवा.